एक्सेलमधली पुस्तकयादी कोहात नेताना

वाचनालयाची यादी एक्सेलमधून कोहात (वाचनालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) न्यायची, तर मुख्य काम आयातीच्या आधीचं. गोव्यात एकाच कपाटात मराठी, कोंकणी, पोर्तुगीज पुस्तकं असतात, त्यामुळे यादीतल्या चुका इथे लवकर उघड्या पडतात.

आधी फॉन्ट. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर ती युनिकोड (सगळ्या लिपींसाठीची एकच प्रमाण संकेतपद्धत) नसण्याचीच शक्यता जास्त. फॉन्ट बदलून बघा: देवनागरीच्या जागी रोमन कचरा दिसला तर कन्व्हर्टर वापरावा लागेल. त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’ डोळ्यांनी तपासा. कन्व्हर्टर बहुधा तिथेच घसरतो.

सगळ्यात चकवणारं अक्षर ‘ॲ’. त्याला युनिकोडात ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, आजही काही कीबोर्ड तेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. म्हणून ‘ॲटलास’ कपाटात असूनही शोधात सापडत नाही. फाइंड-रिप्लेसने सगळीकडे एकच रूप करा.

आयएसबीएनचा (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) रकाना ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर एक्सेल तेरा अंकांचं ९.७८ई+१२ करून टाकतं आणि दहा अंकी क्रमांकाचं सुरुवातीचं शून्य खातं. तेरा अंकी क्रमांकाची कसोटी सोपी: अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. क्रमांकच नसेल तर जागा रिकामी सोडा, वाचनालयाचा दाखल क्रमांक तिथे कोंबू नका.

फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच जतन करा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, ती परत फिरत नाहीत.

मग मार्कएडिट या प्रोग्राममध्ये रकाने मार्क २१च्या (ग्रंथालयीन नोंदींच्या प्रमाण रचनेच्या) टॅगांना, म्हणजे क्रमांकित क्षेत्रांना, जोडा: लेखक १००, शीर्षक २४५, आयएसबीएन ०२०, प्रत ९५२. भाषेचा कोड ००८ टॅगच्या ३५ ते ३७ या स्थानांवर: मराठी ‘एमएआर’, कोंकणी ‘केओके’, पोर्तुगीज ‘पीओआर’, लहान रोमन अक्षरांत. रोमी (रोमन लिपीतल्या) आणि देवनागरी कोंकणीला कोड एकच, म्हणून लिपी ५४६ टॅगच्या ‘बी’ उपक्षेत्रात लिहा. लीडरच्या (नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीच्या) नवव्या स्थानी (मोजणी शून्यापासून) ‘ए’ हवं. ते युनिकोडची खूण.

पहिल्यांदा वीसच नोंदी आयात करा. चुकलं तर कोहात ती आयात मागे घेता येते. बारकोड दुहेरी असेल तर कोहा ती प्रत घेतच नाही, म्हणून आयातीचा अहवाल वाचल्याशिवाय पुढच्या नोंदींना हात लावू नका.