टाइमस्टॅम्पवरून तारीख काढताना या चुका टाळा

१ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसीनुसार (ही जागतिक प्रमाणवेळ; भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते), किती सेकंद उलटले हे सांगणाऱ्या आकड्याला युनिक्स टाइमस्टॅम्प म्हणतात. त्यावरून चुकीची तारीख निघाली की अनेक जण कोडमध्ये कुठेतरी साडेपाच तास मिळवून किंवा वजा करून पाहतात आणि उत्तर जुळले की तिथेच थांबतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी सवय हीच आहे. कोडला हात लावण्यापूर्वी अपेक्षित वेळ आणि मिळालेली वेळ यांच्यातला फरक मोजावा. दोष कुठे आहे, हे बहुतेक वेळा त्या फरकावरूनच कळते.

उदाहरणासाठी १७०००००००० हा आकडा घेऊ. भारतीय वेळेनुसार तो १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटे २० सेकंद असा वाचला पाहिजे. त्याऐवजी २० जानेवारी १९७० ही तारीख दिसली, तर जावास्क्रिप्टच्या डेट ऑब्जेक्टला मिलिसेकंदांऐवजी सेकंद दिले गेले आहेत, म्हणून आकड्याला १००० ने गुणावे. उलट चूक पायथनमध्ये होते: मिलिसेकंदांचा आकडा तसाच दिला की ५५८४० हे वर्ष मर्यादेबाहेर असल्याची एरर येते. सध्याच्या काळातला टाइमस्टॅम्प सेकंदांत १० अंकी आणि मिलिसेकंदांत १३ अंकी असतो, त्यामुळे अंक मोजले तरी हा प्रश्न सुटतो. नेमकी १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाच ही वेळ दिसत असेल, तर रूपांतरात काही बिघडलेले नाही. मुळात शून्य किंवा रिकामी किंमत आली आहे आणि ती कुठून आली हे शोधावे लागेल.

साडेपाच तासांचा फरक अधिक फसवा असतो. आपला लॅपटॉप भारतीय वेळेवर आणि सर्व्हर बहुधा यूटीसीवर असल्यामुळे ही चूक घरी दिसत नाही, प्रत्यक्ष वापरातच उघड होते. वरचाच आकडा यूटीसीत १४ नोव्हेंबरच्या रात्री सव्वादहाच्या आसपास येतो, म्हणजे तारीखच बदलते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद अशा रीतीने आदल्या दिवसाच्या हिशेबात जाते आणि रोजच्या बेरजा जुळेनाशा होतात.

पायथनमधील यूटीसीफ्रॉमटाइमस्टॅम्प हे फंक्शन या गोंधळाचे मोठे कारण आहे. ते यूटीसीची वेळ देते, पण ती यूटीसीची आहे ही खूण तिच्यासोबत ठेवत नाही. भारतीय वेळेवरच्या मशीनवर तिचा पुन्हा टाइमस्टॅम्प केला, तर तो १९८०० सेकंदांनी कमी येतो. पायथन ३.१२ पासून हे फंक्शन वापरू नये असे जाहीर झाले आहे. त्याऐवजी फ्रॉमटाइमस्टॅम्पला पायथनच्या झोनइन्फो या मॉड्यूलमधील ‘आशिया/कोलकाता’ हा टाइमझोन स्पष्टपणे द्यावा.

दिसणारी वेळ यूटीसीच्या ११ तास पुढे असेल, तर साडेपाच तास दोनदा मिळवले गेले आहेत: एकदा हाताने आणि एकदा ब्राउझरने स्थानिक वेळ दाखवताना. हाताने मिळवलेला आकडा काढून टाकावा. तोच कोड न्यू जर्सीतल्या वाचकासाठी वापरायचा झाला, तर तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जात असल्याने कोणताही एकच आकडा वर्षभर चालत नाही. टाइमझोन नावानेच द्यावा लागतो.

एका महिन्याचा फरक दिसला, तर जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात हे आठवावे. एका वर्षाचा फरक, तोही फक्त डिसेंबरच्या अखेरीस, दिसला तर जावातील फॉरमॅट तपासावा. तिथे लहान ‘वाय’ऐवजी मोठा ‘वाय’ लिहिला की आठवड्यावर आधारित वर्ष, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाचा धरला जातो ते वर्ष, मिळते आणि ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख ३१ डिसेंबर २०२५ अशी छापली जाते. वर्षभर बरोबर चालणारा कोड वर्षाच्या शेवटच्या दिवसांतच चुकतो, म्हणून हा दोष चाचण्यांतून सहज निसटतो.

मराठी लोकॅल (तारीख आणि अंक मराठी पद्धतीने दाखवण्याची सेटिंग) वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जावास्क्रिप्टमध्ये त्यातून देवनागरी अंक मिळतात. वाचायला ते उत्तमच, पण मजकुरातून संख्या काढणाऱ्या पार्सइंट या फंक्शनला ते अंक समजत नाहीत. त्यामुळे डेटाबेसमध्ये मूळ टाइमस्टॅम्पच साठवावा आणि मराठी रूप फक्त पडद्यावर दाखवताना तयार करावे.

चाचणीसाठी पहाटे साडेपाचपूर्वीची एक वेळ आणि ३१ डिसेंबरची एक तारीख मुद्दाम निवडावी, आणि लॅपटॉपचा टाइमझोन यूटीसी करून तोच कोड पुन्हा चालवून पाहावा.