कोर्टात मोबाईल काढायच्या आधी हे वाचा (सोलापूरकरांसाठी)

घरातल्या कुणाची तारीख असली की एकजण हमखास सांगतोच, "जजसाहेब काय बोलले ते रेकॉर्ड करून आण की." अजिबात करू नका. आपल्या जिल्हा कोर्टात मागच्या बाकावर बसून कामकाज कुणीही ऐकू शकतं (लैंगिक गुन्ह्यांसारख्या बंद दाराआडच्या केसेस सोडून), पण कोर्टाच्या परवानगीशिवाय शूटिंग नाही आणि ऑडिओपण नाही, फोन जाईल आणि वरून अवमानाचं लचांड मागे लागेल ते वेगळंच. व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवरून सुनावणीला) जॉइन झालात तरी स्क्रीन रेकॉर्डिंगला हेच लागू.

त्यापेक्षा आत जातानाच फोन बंद करा, वही-पेन ठेवा. वकिलांकडून सीएनआर नंबर (अक्षरं आणि आकडे मिळून १६ खुणांचा केसचा ओळख क्रमांक) घ्या आणि ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाका, पुढची तारीख, केस कुठल्या टप्प्यावर आहे, अपलोड झालेल्या ऑर्डर्स सगळं दिसतं. त्या दिवशी काय झालं ते रोजनाम्यात असतं, त्याची नक्कल अर्ज करून आणि फी भरून मिळते, आणि उद्या कुठं दाखवायची वेळ आली तर चोरून काढलेल्या व्हिडिओपेक्षा ही शिक्क्याची नक्कलच कामाला येते.

फौजदारी केसमध्ये साक्षीदार असाल तर हे खास लक्षात ठेवा. तुम्ही बोलता, स्टेनो टाइप करतात, शेवटी साक्ष वाचून दाखवतात. घाईत मान डोलावू नका! चुकलं असेल तर तिथंच सांगा, जजसाहेब दुरुस्ती करतात नाहीतर तुमची हरकत लिहून घेतात, तो तुमचा हक्क आहे.

सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ ला लाइव्ह प्रक्षेपणाला तत्त्वतः हो म्हटलं आणि २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी घरबसल्या दिसायला लागली. ती जरूर बघा, पण लाइव्ह दिसतंय म्हणून तुकडे कापून रील करू नका. माझं मत विचाराल तर वकिलांचे युक्तिवाद खालच्या कोर्टातूनही दाखवावेत, लोकांना कळूदे तारखा का पडतात ते. साक्ष मात्र नको. विडी वळणारी एखादी बाई गल्लीतल्याच माणसाविरुद्ध उभी राहते, तिच्या तोंडावर कॅमेरा लावला तर ती बोलेल का?

आणि खरंच रेकॉर्डिंग लागणार असेल, तर वकिलांमार्फत कारण लिहून रीतसर अर्ज द्या, तारखेच्या आधीच द्या, आणि ऑर्डर हातात पडेपर्यंत फोन खिशातच राहूदे.