गल्फमध्ये नोकरी करता करता दुबईत फ्लॅट घ्यायचा असेल तर आधी हे सगळं वाचा

रत्नागिरी, राजापूर, खेड, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, आपल्या या पट्ट्यातनं माणसं पिढ्यान्‌पिढ्या आखातात नोकरीला जातायत, आणि चार पैसे साठले की प्रत्येकाचा प्रश्न एकच, तिकडेच एखादा फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ का गावाला काहीतरी करू. मी अकाउंट्समध्ये काम करतो, गाववाले कागद घेऊन विचारायला येतात, म्हणून जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं एकदा नीट लिहून काढतोय. कुणाच्या तरी आयुष्याच्या कमाईचा प्रश्न असतो हा, घाई नको.

पहिलं गावाचं सांगतो कारण बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एकदा तुम्ही एनआरआय झालात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने भारतात शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित वारसाने येईल ते चालतं, फ्लॅट चालतो, एनए प्लॉट चालतो, पण शेजारच्या काकांची कलमांची बाग विकायला निघालीय ती तुमच्या नावावर होणार नाही, मग तुमचं नाव सातबारावर आधीपासून शेतकरी म्हणून असलं तरी नाही. यावर उपाय म्हणून लोक भावाच्या नाहीतर मेव्हण्याच्या नावावर घेऊन ठेवतात, ते अजिबात करू नका, कागदावर ज्याचं नाव त्याची जमीन, आणि भाऊबंदकीचे खटले किती वर्षं चालतात ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता दुबई. माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं आधी सांगतो, बाकीचं सगळं त्याच्या नंतर. फ्लॅट घ्यायचा की नाही हे ठरवताना उद्या नोकरी गेली असं धरूनच हिशोब करा. कारण तुमचा पगार दुबईतनं येतो आणि भाडंही दुबईतनंच येणार, तिथे मंदी आली की दोन्हीला एकदमच फटका बसतो. २००८-०९ ला हेच झालं, नोकऱ्या गेल्या, माणसं परत आली म्हणून भाडेकरू गेले, आणि घरांच्या किमती निम्म्याच्या आसपास आल्या, नोव्हेंबर २००९ मध्ये तर दुबई वर्ल्ड या सरकारी कंपनीने कर्जफेड पुढे ढकलायची विनंती केली. नंतर परत वर गेलं आणि २०१४ नंतर २०२० पर्यंत हळूहळू उतरतच होतं. तेव्हा पगार नाही आणि भाडेकरू पण नाही अशा अवस्थेत वर्षभर हप्ता आणि सर्व्हिस चार्ज (बिल्डिंगच्या देखभालीचे पैसे) भरता येईल एवढी रोकड बाजूला असेल तरच पुढे जा, नसेल तर आधी ती साठवा, फ्लॅट कुठे पळून जात नाही.

परदेशी माणसाला दुबईत फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीचं घर घ्यायची मुभा २००२ पासून आहे आणि २००६ च्या ७ नंबरच्या कायद्याने नोंदणीची पद्धत नीट बसली. पण सगळीकडे नाही, ठरवून दिलेल्या एरियातच, म्हणजे मरिना, जेव्हीसी (जुमेरा व्हिलेज सर्कल), इंटरनॅशनल सिटी, डिस्कव्हरी गार्डन्स वगैरे. देरा, बर दुबईच्या जुन्या बिल्डिंगी जिथे आपली माणसं राहतात तिथे बहुतेक ठिकाणी आपल्याला घेता येत नाही. घ्यायला दुबईचा रेसिडेन्स व्हिसाच पाहिजे असं नाही, त्यामुळे कुवेतला असलेला माणूसही दुबईत घेऊ शकतो, कुवेतमध्ये तर आपल्याला घर घेणं जवळपास शक्यच नाही. ओमानमध्ये अल मौजसारख्या ठराविक टुरिझम प्रोजेक्टमध्ये, कतारला पर्ल, लुसैल अशा एरियात, बहरीनलाही ठराविक भागात घेता येतं.

मग येतो प्रश्न, रेडी म्हणजे तयार घर घ्यायचं का ऑफ-प्लॅन म्हणजे अजून बांधून व्हायचंय ते. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात प्रदर्शनं लागतात, महिना १ टक्का भरा, हँडओव्हरनंतर भाड्यातनं हप्ता निघेल असं सांगतात आणि माणूस चहा पिता पिता बुकिंगचा चेक देऊन येतो. ऑफ-प्लॅन वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही, पण नोकरदार माणसाने पहिलं घर रेडी घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण भाडं लगेच चालू होतं आणि बिल्डिंग डोळ्याने बघता येते. ऑफ-प्लॅनच घ्यायचं असेल तर दुबई रेस्ट नावाचं सरकारी अ‍ॅप आहे त्यात प्रोजेक्ट रजिस्टर आहे का, काम किती टक्के झालंय, एस्क्रो खातं (फक्त त्या प्रोजेक्टच्या पैशासाठी राखून ठेवलेलं खातं) कुठलं ते बघा. २००७ च्या ८ नंबरच्या कायद्याने ग्राहकाचे पैसे त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यातच गेले पाहिजेत, एजंटच्या किंवा कंपनीच्या दुसऱ्या खात्यात एक दिरहमसुद्धा नाही, मग तो एजंट आपल्या आळीतला का असेना. करार झाल्यावर ऊकूद म्हणजे लँड डिपार्टमेंटची तात्पुरती नोंदणी तुमच्या नावाने झाली का ते बघा. आणि हे नीट समजून घ्या, मध्येच हप्ते थांबले तर बिल्डर नोटीस देऊन करार रद्द करू शकतो, आणि बांधकाम ८० टक्क्यांच्या वर झालेलं असेल तर घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतःकडे ठेवू शकतो. भरलेल्या रकमेच्या नाही, किमतीच्या. तुम्ही ४० टक्केच भरले असतील तर हातात काय येणार ते बघा.

खर्चाचा हिशोब आता आकड्यात करू. समजा साडेसात लाख दिरहमचा छोटा वन बीएचके घेतला. लँड डिपार्टमेंटची ट्रान्सफर फी ४ टक्के म्हणजे ३० हजार (कायद्याने अर्धी विकणाऱ्याची, पण व्यवहारात सगळी घेणाराच भरतो, तेव्हा बोलणी करतानाच हे धरून बोला). एजंटचं कमिशन २ टक्के आणि वर ५ टक्के व्हॅट, म्हणजे १५,७५०. ट्रस्टी ऑफिसची (व्यवहार नोंदवणाऱ्या अधिकृत ऑफिसची) फी व्हॅट धरून ४,२००. हे झाले ५० हजार, वर किरकोळ. कर्ज असेल तर कर्जाच्या पाव टक्का नोंदणी, बँकेची प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन हे वेगळं. हे सगळे पैसे पहिल्या दिवशी खिशातनं जातात, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत विकायचा विचार असेल तर घेऊच नका.

कर्जाचं असं आहे की तिथल्या सेंट्रल बँकेच्या नियमाने परदेशी माणसाला स्वतः राहायला पहिलं घर घेताना ५० लाख दिरहमपर्यंतच्या घराला ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण गुंतवणूक म्हणून किंवा दुसरं घर म्हटलं की ६० टक्के, आणि ऑफ-प्लॅनला ५० टक्के. मुदत जास्तीत जास्त २५ वर्षं, आणि सगळे हप्ते मिळून (गाडी, क्रेडिट कार्ड धरून) पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. व्याजाचा दर सुरुवातीची काही वर्षं फिक्स आणि मग बाजाराप्रमाणे बदलता असं बहुतेक असतं, तेव्हा दर २ टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल ते बँकेकडनं लेखी घ्या. डाउन पेमेंटला पर्सनल लोन काढू नका, आणि ग्रॅच्युइटी येणारच आहे म्हणून ती आधीच खर्चात धरू नका, नोकरी गेली की तेवढाच आधार असतो.

व्यवहार होतो तो असा. एजंटचं रेराचं (दुबईच्या मालमत्ता व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं) कार्ड बघा, नंबर वर सांगितलेल्या दुबई रेस्ट अ‍ॅपवर तपासा. किंमत ठरली की फॉर्म एफ म्हणजे विक्रीचा करार होतो, साधारण १० टक्क्यांचा चेक डिपॉझिट म्हणून देतात. मग बिल्डरकडनं एनओसी, म्हणजे आधीच्या मालकाचे सर्व्हिस चार्ज बाकी नाहीत याचा दाखला, त्याशिवाय पुढे जाऊच नका. आणि शेवटी ट्रस्टी ऑफिसला दोघांनी जायचं, बँकेचा मॅनेजर्स चेक (आपल्या डीडीसारखा) द्यायचा, आणि टायटल डीड म्हणजे मालकीचा कागद बहुतेक त्याच दिवशी मिळतं. आपल्याकडे सामायिक सातबारावरची अकरा नावं गोळा करून दमलेल्या माणसाला हे बघून खरंच बरं वाटतं. नाव मात्र पासपोर्टप्रमाणे अक्षर न्‌ अक्षर बरोबर बघून घ्या, आपल्याकडे एकाच माणसाचं आडनाव दोन स्पेलिंगने असतं आणि पुढे वारसाच्या वेळी तेच आडवं येतं.

आता भाडं. एजंट सांगणार ७ टक्के, साडेसात टक्के. तो आकडा म्हणजे आंब्याचा मोहोर बघून पेट्या मोजण्यासारखं आहे, मध्ये थ्रिप्सची कीड आहे, अवकाळी आहे, वानर आहेत. वरच्याच फ्लॅटचं बघा, समजा वर्षाला ५५ हजार भाडं, म्हणजे ७.३ टक्के. ६०० स्क्वेअर फूट आणि सर्व्हिस चार्ज स्क्वेअर फुटाला वर्षाला १४ दिरहम धरला तर ८,४०० गेले. तुम्ही मस्कतला नाहीतर गावाला, म्हणून भाडं बघायला कंपनी ठेवली तिचे ५ टक्के, २,७५०. एसी, प्लंबर, रंग मिळून अडीच हजार. वर्षात एक महिना रिकामा गेला तर साडेचार हजारांच्या वर. हातात राहिले ३६,७५० च्या आसपास, आणि तुम्ही घातलेत फी धरून आठ लाख, म्हणजे साडेचार टक्के झाले. कर्ज असेल तर व्याज अजून जायचंय! सर्व्हिस चार्जचा दर बिल्डिंगप्रमाणे खूप बदलतो, स्विमिंग पूल आणि जिम बघून खूश होऊ नका, त्याचे पैसे मालकच भरतो. आणि चिलरचं म्हणजे बिल्डिंगच्या सेंट्रल एसीचं बिल मालकाकडे का भाडेकरूकडे हे विचारा, यावर भाडं किती मिळेल ते बरंच ठरतं.

रुपयाचा फायदा मात्र खरा आहे, दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ने बांधलेला आहे, २०१४ च्या सुमारास १६-१७ रुपयांना होता तो २०२५ संपता संपता २४ च्या वर गेला. गावात खर्च करणाऱ्याला हे जाणवतं, पण निव्वळ यासाठी फ्लॅट घ्यायची गरज नाही, दिरहम बँकेत ठेवूनही तेवढा मिळतो.

भाडेकरू ठेवताना इजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी करा. भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही, सरकारी रेंट इंडेक्स असतो, आणि विकायला किंवा स्वतः राहायला घर रिकामं करून हवं असेल तर नोटरीमार्फत नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे गणपतीला घरी गेलात आणि बहिणीचं लग्न ठरलं म्हणून लगेच रिकामं करून विकू, असं होत नाही.

पैसे कुठनं आणायचे? सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे तिथला पगार तिथल्याच खात्यातनं. एनआरई खात्यातले (परदेशी कमाई भारतात ठेवायच्या खात्यातले) पैसे परत बाहेर नेता येतात. एनआरओमधनं (एनआरआयच्या भारतातल्या कमाईच्या खात्यातनं) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, सीएचे फॉर्म भरून. गावाला असलेल्या वडिलांना तुम्हाला पैशाची मदत करायची असेल तर त्यांना एलआरएसमधनं (भारतात राहणाऱ्याने बाहेर पैसे पाठवायच्या योजनेतनं) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स आधी कापला जातो, तो त्यांच्या रिटर्नमध्ये परत मागता येतो पण तोवर पैसे अडकतात. हुंडी-हवाला करून डाउन पेमेंट करू नका, विकताना पैसे कुठनं आले हे विचारतात तेव्हा कागद दाखवता येत नाही.

व्हिसासाठी म्हणून घेणारेही आहेत. २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर १० वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो. बाकी सगळा हिशोब बसत असेल आणि वर हा मिळत असेल तर उत्तम, पण निव्वळ व्हिसासाठी ताकदीबाहेर जाऊ नका.

कायमचे परत आलात की काय? एनआरआय असताना बाहेर घेतलेलं घर परत आल्यावर ठेवता येतं, फेमाची परवानगी आहे, भाडंही चालू ठेवता येतं. पण इन्कम टॅक्सचं वेगळं. बरीच वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला आल्यावर साधारण दोन, कधी तीन आर्थिक वर्षं आरएनओआर (भारतात राहणारा, पण अजून पूर्ण रहिवासी न धरलेला) स्टेटस मिळतो, त्यात परदेशातल्या भाड्यावर इथे टॅक्स नाही. विकायचंच असेल तर ते याच काळात विका, हे मी प्रत्येकाला सांगतो. नंतर ते भाडं भारतात टॅक्सेबल होतं, तिकडे टॅक्स नाही म्हणून इकडे नाही असं नसतं, आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात) तो फ्लॅट दाखवावाच लागतो. नाही दाखवला तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याने १० लाख रुपये दंड होऊ शकतो. छोट्या परदेशी खात्यांना यातनं सूट मिळालीय, पण घर-जमिनीला नाही. गावच्या नेहमीच्या टॅक्सवाल्याला हे माहीत असेलच असं नाही, रत्नागिरीत, चिपळूणला नाहीतर मुंबईला एनआरआयची कामं करणारा सीए शोधा.

शेवटचं काम लोक टाळतात, बोलायला नको वाटतं म्हणून. तुमच्या मागे हा फ्लॅट कुणाला जाणार? मुस्लिम कुटुंबात शरियतप्रमाणे हिस्से पडतात. बाकीच्यांना डीआयएफसीत (दुबईच्या फायनान्शियल सेंटरच्या कोर्टात) किंवा अबुधाबीच्या कोर्टात विल म्हणजे मृत्युपत्र नोंदवता येते, नसेल तर २०२३ पासून लागू असलेल्या कायद्याने अर्धं बायकोला नाहीतर नवऱ्याला आणि अर्धं मुलांना समान. विल नोंदवायला खर्च येतो, तरी करा. आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करायची तर दुबईत असतानाच नोटरीसमोर करा, कारण भारतातनं करायची म्हटली की आधी नोटरी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतलं यूएईचं कॉन्सुलेट, मग तिकडचं मंत्रालय आणि अरबी भाषांतर, एवढी रांग लागते, यूएईला अपॉस्टिल (परदेशासाठी कागदावर मारायचा एकच सरकारी शिक्का) चालत नाही. टायटल डीड, कर्जाचा करार, सर्व्हिस चार्जच्या पावत्या, इजारी, भाडं बघणाऱ्या कंपनीचा नंबर, सगळ्याची एक फाईल गावच्या घरी ठेवा आणि बायकोला ती एकदा समोर बसवून उघडून दाखवा, कुठला कागद कशाचा ते सांगा, तिला जे प्रश्न पडतील ते त्याच फाईलच्या पहिल्या पानावर लिहून त्याची उत्तरं मिळवून ठेवा.