तान्ह्याहून मोठं, शाळेहून लहान मूल घेऊन थीम पार्कला निघालात? या चुका टाळा

मोठं थीम पार्क म्हटलं की सोलापूरकरांपुढे दोनच वाटा असतात. पुण्याच्या अंगाने गेलं तर खोपोलीजवळचं इमॅजिका, आणि नळदुर्ग-उमरग्यावरून गेलं तर हैदराबादचं वंडरला नाहीतर रामोजी फिल्म सिटी. दोन्हीकडे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. एवढं लांब जायचं, माणशी एवढं तिकीट काढायचं, मग पैसे वसूल झालेच पाहिजेत, हा हिशेब घरातून निघतानाच डोक्यात बसलेला असतो. दोन-अडीच वर्षांचं मूल सोबत असेल तर सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

कारण मुलाला तुमच्या तिकिटाशी देणंघेणं नसतं. गेटच्या आत गेलं की ते पहिल्या कारंज्यापाशी उकिडवं बसतं आणि फरशीतल्या भोकातून पाणी कसं उसळतं ते बघत राहतं. आई दंड धरून ओढते, "चल की रे, तिकडं आगगाडी आहे!" मूल भोकाड पसरतं. बसू द्या त्याला. त्याच्या लेखी पार्क सुरू झालेलं आहे.

एका दिवसात जाऊन यायचा बेत

"पहाटे तीनला निघू, रात्री बारापर्यंत घरी" हा बेत कॉलेजच्या पोरांनी करावा. सहाशे किलोमीटर गाडीत आणि मधले सात तास उन्हात, हे एवढ्याशा जिवाला झेपत नाही. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी तिनेच परतायची सवय आपल्या हाडात मुरलेली आहे, पण ते पुण्यातल्या कामांपुरतं ठीक. इमॅजिका पुण्याच्याही पुढे आहे. आदल्या रात्री पार्कजवळ किंवा पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करा. मूल रात्री नीट झोपलेलं असेल तरच पुढचा दिवस निभतो.

गाडीने जात असाल तर मुलाला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. धडक झाली की एअरबॅग सुटते ती थेट मुलावर. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही मुलांसाठी सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजाराचा दंड आहे. "जवळच तर जायचंय" ही सबब तीनशे किलोमीटरला तर नाहीच चालत.

तालीम न करता थेट मोठ्या पार्कात

सोलापूरकरांना एक सोय आहे, ती वापरत मात्र कोणी नाही. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. पाळणे, कर्णे, दिव्यांचा लखलखाट, गर्दी, सगळं तिथे आहे. मूल आवाजाला घाबरतं का, छोट्या चक्रीत एकटं बसतं का, अनोळखी गर्दीत कडेवरून उतरतं का, हे एका संध्याकाळी कळतं. तिथे कान झाकून खांद्यात तोंड खुपसणारं मूल पार्कातल्या अंधाऱ्या, गडगडाटी राइडमध्ये खूश होईल अशी आशा करू नका. तुम्ही तिकिटं काढलीत म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही.

उंचीची काठी

पार्कात मुलाला कुठे बसू द्यायचं ते बहुतेक वेळा उंचीवर ठरतं, आणि तिकिटाचे दरही कित्येक ठिकाणी उंचीवरच असतात. घरी भिंतीला टेकवून, बूट काढून मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर बघा की या उंचीला नेमक्या किती राइड खुल्या आहेत. चार-पाच निघाल्या तरी दिवस भरतो, कारण आवडलेल्या राइडवर मूल तीनतीनदा बसणार आहे. काठीपाशी "टाचा वर कर रे" म्हणणारे बाप मी पाहिलेत. ती उंची लॉक किंवा पट्टा अंगाला नीट बसावा म्हणून ठरवलेली असते. त्यात फसवायचं कोणाला?

आपल्या उन्हापावसाच्या अंदाजाने निघणं

मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, म्हणून "तिकडं जरा गार असेल" असं वाटतं. उघड्या फरशीवर दुपारी कुठेच गार नसतं. पावसाचं उलटं. आपल्याकडे जुलैत दोन सरी येतात आणि ढग पुढे जातात. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे, तिथे पाऊस लागला की दिवसभर लागतो आणि बाहेरच्या राइड बंद ठेवाव्या लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला शाळेचा, आडवारचा दिवस पकडा. तुमच्या पिल्लाला अजून शाळा नाही, हा फायदा दोन वर्षांत संपणार आहे.

खाणं, आणि ते ओआरएस

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. बाळाच्या डब्याला सहसा अडवत नाहीत, तरी आदल्या दिवशी फोन करून विचारा. मऊ भात, केळं, तूप लावलेली पोळी, एवढं पुरे. धपाटे आणि शेंगाचटणी गाडीत मोठ्यांसाठी ठेवा.

घाम जाऊन मूल मलूल झालं की लोक दुकानातून गोड पेयाचा डबा आणतात, वर "ओआरएससारखंच असतं" म्हणतात. तसं नसतं. त्यात साखर फार असते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी केली ती याचसाठी. औषधाच्या दुकानातली खऱ्या ओआरएसची पुडी घ्या आणि तिच्यावर लिहिलेलं पाणी मोजून घ्या. एक लिटरची पुडी असेल तर एक लिटरच. ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी टाकली की मीठ जास्त होतं आणि फायद्याऐवजी अपाय होतो.

पाण्यातल्या चुका

पार्कातल्या पाण्याच्या खेळांत मात्र सैल राहून चालत नाही. घोट्याएवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही. "सगळे आहेत की तिथं" म्हणजे कोणाचंच लक्ष नाही. पाळी लावा: आता पंधरा मिनिटं बाबा, मग मामा. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाइल नको, आणि मूल हाताच्या अंतरावर हवं. दंडाला लावायचे फुगे किंवा रबरी ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर सोडू नका. लाटांच्या तळ्यात (वेव्ह पूलमध्ये) या वयाचं मूल नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा डायपर पाण्यात फुगून गुडघ्यापर्यंत लोंबतो, म्हणून पोहण्याचा वेगळा डायपर घ्या. तो शू अडवत नाही, त्यामुळे गाडीत बसण्याआधी बदला. कपडे नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचे लागतात, सुती कपड्यांवर सहसा पाण्यात सोडत नाहीत. ओठ निळसर दिसले किंवा अंगाला कापरं भरलं की लगेच बाहेर काढून पुसायचं. आपल्या गावचे टॉवेल दोन जास्तच घ्या, त्याला काही तोटा नाही.

आजीला बाकावर बसवून ठेवणं

"आई सांभाळतील की" म्हणत आजीला न्यायचं आणि तिच्या मांडीवर मूल, पायाशी चार पिशव्या ठेवून बाकीच्यांनी रोलर कोस्टरला जायचं, हे सर्रास चालतं. नेलंच आहे तर तिलाही आगगाडीत, बोटीत बसवा. मोठ्या राइडला नवराबायकोने आळीपाळीने जावं. दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागेल का, ते राइडवरच्या माणसाला आधी विचारून घ्या.

तरीही बिघडलंच तर

दुपारी एकच्या सुमाराला मूल विनाकारण किंचाळायला लागलं तर त्याला राइड नको, झोप हवी आहे. सावलीतली जागा किंवा एसी असलेलं उपाहारगृह गाठा, डोक्यावर ओढणी टाका, तासभर गप्प बसा. मोठ्या डोक्याच्या बाहुल्याचा वेश घातलेल्या माणसाला बघून घाबरलं तर फोटोसाठी जवळ ढकलू नका. लांबून टाटा करून पुढे व्हा.

हरवण्याची तयारी गेटवरच करा. त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा, मनगटावर पेनाने तुमचा नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यांनी सैरावैरा धावायचं नाही. एकाने तिथेच थांबायचं, एकाने आधी पाण्याच्या बाजूला बघायचं, एकाने जवळच्या गार्डला फोटो दाखवायचा. मुलांच्या मदतीसाठी देशभर 1098 हा नंबर आहे, तो फोनमध्ये असू द्या.

उलट्या थांबत नसतील, सहा-आठ तासांत शू झाली नसेल, किंवा अंग तापून मूल सुस्त पडलं असेल तर पार्कातल्या प्रथमोपचार खोलीत जा आणि तिथून डॉक्टरकडे. त्या अवस्थेत रात्रीचा प्रवास करून सोलापूर गाठायच्या भानगडीत पडू नका.