बर्फातली कौटुंबिक सहल : स्कीइंगचे ठिकाण निवडताना या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारहून हिवाळ्यात बर्फाकडे निघणाऱ्या कुटुंबात आजी-आजोबांना बर्फ पाहायचा असतो, मुलांना त्यावर घसरायचे असते, आई-वडिलांना दोन्ही जमवायचे असते आणि पायाला स्की बांधण्याचा अनुभव घरात कोणालाच नसतो. अशा कुटुंबाने ठिकाण ठरवताना नवशिक्यांसाठीचा उतार कसा आहे, मुक्कामाच्या जागेपासून तो किती लांब आहे आणि आपल्याजवळ राखीव दिवस किती आहेत, एवढे आधी पाहावे. शिखराची उंची, हॉटेलचे तारे आणि मोबाइलवर पाहिलेले व्हिडिओ यांचा विचार त्यानंतर केला तरी चालतो.

प्रसिद्ध नावावर विसंबून राहणे

गुलमर्गचे उदाहरण घेऊ. सुमारे 2,650 मीटर उंचीवरील या ठिकाणाची दोन रूपे आहेत आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची गल्लत नेमकी तेथेच होते. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून बंद डब्यांतून वर नेणाऱ्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो, तर दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या बाजूने जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. चित्रफितींत दिसणारे, भुसभुशीत बर्फ उडवत वेगाने खाली येणारे स्कीपटू या दुसऱ्या टप्प्याच्या वरून निघालेले असतात. त्या भागातील बहुतेक उतार बर्फ दाबून तयार केलेले नसतात आणि तेथे हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवट परिसरातील हिमस्खलनात दोन परदेशी स्कीपटूंचा मृत्यू झाला होता. हा डोंगर कसलेल्यांसाठी उत्तम आहे, परंतु सातवीतल्या मुलाशी आणि त्याच्या वडिलांशी त्याचा काही संबंध नाही.

कुटुंबासाठीचे गुलमर्ग खाली, मैदानालगतच्या बसक्या उतारांवर आहे. तेथे दोरीला धरून वर ओढत नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत, भाड्याने साहित्य मिळते आणि प्रशिक्षकही उपलब्ध असतात. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था गुलमर्गलाच आहे आणि तेथे नवशिक्यांचे अभ्यासक्रम चालतात. त्यामुळे हॉटेल निवडताना गोंडोला स्थानकापेक्षा या उतारांपासूनचे अंतर विचारावे. जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन, रडवेल्या मुलाचा हात धरून बर्फातून अर्धा किलोमीटर चालणे काय असते, हे तेथे गेल्यावरच कळते.

उत्तराखंडातील औलीचे उतार शिकण्यासाठी चांगले मानले जातात. गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे अभ्यासक्रम तेथे चालत आले आहेत आणि समोर नंदादेवीचे दर्शन होते. मात्र औलीविषयीची माहिती कोणत्या वर्षीची आहे, हे आवर्जून तपासावे. जुन्या लेखांत जोशीमठहून औलीला नेणाऱ्या रोपवेचे वर्णन असते. जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यानंतर तो रोपवे थांबवण्यात आला. सहलीची आखणी त्याच्या भरवशावर न करता रस्त्याने जाण्याची तयारी ठेवावी आणि रोपवेची ताजी स्थिती निघण्यापूर्वी विचारून घ्यावी.

मनालीजवळचे सोलंग सोयीचे आहे, पण नाताळ ते नववर्ष या आठवड्यात तेथे स्की शिकायला जाणे म्हणजे आठवडी बाजारात सायकल शिकण्यासारखे आहे. घसरगाड्या, घोडे, चारचाकी मोटारबाईक आणि फोटो काढणारे लोक एकाच उतारावर असतात. त्याच ठिकाणी गर्दी ओसरल्यावर, कामाच्या दिवशी सकाळी लवकर उतारावर पोहोचल्यास चांगला अनुभव मिळू शकतो.

शाळेच्या सुट्टीकडे पाहून तारीख ठरवणे

ही चूक सर्वांत महागात पडते आणि ती टाळणेही सर्वांत कठीण आहे. आपल्याकडची मोठी सुट्टी दिवाळीत आणि उन्हाळ्यात असते, तर स्कीइंगला लागणारा भरवशाचा बर्फ साधारणपणे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मिळतो. काही शाळांना असलेली नाताळची सुट्टी म्हणून सोयीची वाटते, पण तेव्हा उतारांवर पुरेसा थर साचलेला नसण्याची शक्यता असते. हिमालयातील हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळे, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवामान प्रणालींमुळे, पडतो. आपल्या गहू-हरभऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या अवकाळी पावसाचा संबंधही अनेकदा याच प्रणालींशी असतो आणि त्या कधी येतील हे कोणाच्याही हातात नसते.

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्लई कलान’ हा कडक थंडीचा काळ असतो, परंतु थंडी आहे म्हणून बर्फ असेलच असे नाही. जानेवारी 2024 मध्ये बराच काळ गुलमर्गची मैदाने कोरडी, तपकिरी होती आणि बर्फ महिन्याच्या अखेरीस आला. 2025 मध्ये बर्फ अपुरा असल्याने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधील टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. औलीतही फेब्रुवारी 2023 मधील आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली होती. राष्ट्रीय स्पर्धांच्या आयोजकांना जे साधत नाही, ते चार महिने आधी तिकिटे काढणाऱ्या कुटुंबाला नेमके साधेल असे गृहीत धरू नये.

यातून मार्ग असा की, 26 जानेवारीला जोडून चार-पाच दिवसांची रजा काढावी किंवा फेब्रुवारीचा पूर्वार्ध निवडावा, हॉटेल शक्यतो रद्द करता येईल अशा अटीवर घ्यावे आणि निघण्याच्या दहा दिवस आधीपासून त्या ठिकाणच्या बर्फाची ताजी छायाचित्रे स्थानिक प्रशिक्षकाकडून मागवावीत. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर या तारखा त्या वर्षी बादच समजाव्यात, कारण परीक्षा नेमक्या त्याच सुमारास येतात. ज्यांचे घर शेतीवर चालते, त्यांना कापसाची वेचणी आणि केळीची कापणी पाहूनच दिवस काढावे लागतील. सहल आखून देणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात या गोष्टी नसतात.

शेवटच्या पन्नास किलोमीटरचा हिशेब न करणे

भुसावळ जंक्शनमुळे दिल्लीपर्यंतचा प्रवास खान्देशातील लोकांना कधीच अवघड वाटत नाही. झेलम एक्स्प्रेस जळगाव-भुसावळमार्गे जम्मूतवीला जाते, पंजाब मेल आणि कर्नाटक एक्स्प्रेस दिल्ली गाठून देतात. अडचण पुढे सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतातील धुक्यामुळे गाड्या आणि विमाने तासन्‌तास उशिराने धावतात, त्यामुळे दिल्लीत उतरून दोन तासांनी पुढचे विमान पकडण्याचा बेत करू नये. मध्ये एक रात्र ठेवावी.

जम्मू-श्रीनगर महामार्ग रामबन आणि बनिहालच्या परिसरात दरडी व बर्फामुळे हिवाळ्यात वारंवार बंद पडतो. 6 जून 2025 रोजी कटरा-श्रीनगर वंदे भारत गाडीचे उद्घाटन झाल्यापासून या रस्त्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली आहे, मात्र तिची आरक्षणे लवकर संपतात. श्रीनगर ते गुलमर्ग हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर असले तरी जोरदार बर्फवृष्टीनंतर टंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना गती मिळणारी गाडीच सोडली जाते. श्रीनगरहून ठरवलेला चालक टंगमर्गला थांबून दुसरी गाडी करायला सांगतो, तेव्हा तो फसवतच असतो असे नाही. पण त्या गाडीचे पैसे कोण देणार, हे आधी लेखी ठरलेले असावे. औलीसाठी ऋषिकेशपासून जोशीमठपर्यंतचा डोंगरी रस्ता पूर्ण दिवस घेतो. गाडी लागणाऱ्या मुलांना आणि कंबरदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन तो एका दमात करू नये; रुद्रप्रयाग किंवा पिपलकोटीला मुक्काम टाकावा.

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड मोबाइल सिम चालत नाही, पोस्टपेड चालते. कुटुंबातील निदान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असावा.

ज्येष्ठांच्या तब्येतीला गृहीत धरणे

तोरणमाळची उंची हजार-अकराशे मीटरच्या घरात आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांचा डोंगराचा अनुभव तेवढाच असतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत 4,000 मीटरवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू सुमारे साठ टक्के उरतो. ज्यांना हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब आहे, त्यांनी गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नये आणि पहिल्या टप्प्याविषयीही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. श्रीनगर 1,600 मीटरच्या आसपास असल्याने तेथे एक-दोन रात्री राहून मग वर गेल्यास शरीराला सवय होते. डोके दुखणे, मळमळ आणि झोप न लागणे याला ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झटकून टाकू नये. त्रास वाढत असेल तर खाली उतरणे हाच उपाय आहे.

परदेशातले ठिकाण केवळ हौसेपोटी घेणे

खर्चाची तयारी असल्यास कझाकस्तानातील अल्माटीजवळचे शिंबुलाक विचारात घेण्यासारखे आहे. दिल्लीहून अल्माटीला थेट विमाने आहेत, भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत आहे (तिकीट काढण्यापूर्वी ती कायम असल्याची खात्री करावी) आणि शहरात राहून दिवसभरासाठी वर जाता येते. त्यामुळे स्की न शिकणाऱ्या मंडळींचा दिवस वाया जात नाही. जॉर्जियातील गुदौरीचे उतार विस्तीर्ण आहेत, पण तेथे झाडे जवळजवळ नाहीत. वारा सुटला आणि धुके उतरले की नवशिक्याला दिशा कळेनाशी होते. युरोपात जायचे असेल तर उतारांचे रंग समजून घ्यावेत. निळा सोपा, लाल मध्यम आणि काळा कठीण असतो. फ्रान्समध्ये त्याहून सोपा हिरवाही असतो. अमेरिकेत मात्र हिरवा सर्वांत सोपा आणि निळा मध्यम असल्याने एका खंडातला निळा दुसऱ्या खंडात तसाच समजू नये.

कपडे, बूट आणि प्रशिक्षक यांत काटकसर

कापसाच्या जिल्ह्यातून जाणाऱ्यांना हे सांगणे जिवावर येते, पण बर्फात सुती कपडा अंगाला चिकटता ठेवू नये. तो घाम आणि ओल शोषून घेतो, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. जीन्स तर अजिबात नको. आत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, मध्ये उबदार कपडा आणि बाहेर पाणी न शिरणारी पँट व जाकीट अशी रचना ठेवावी. ताजा बर्फ सूर्याचे बहुतांश अतिनील किरण परत फेकतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन लागते.

बुटांच्या बाबतीत बहुतेक जण दोन-तीन मोज्यांचे जोड चढवतात आणि मग पाय दुखतात, बधिर होतात. एकच लांब, चांगला मोजा घालावा. ताठ उभे असताना बोटे पुढे हलकेच टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच मात्र उचलली जाता कामा नये. लहान मुलांच्या मापाचे हेल्मेट भाड्याने मिळेलच याची खात्री नसल्याने ते आधी विचारून ठेवावे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. ती वजन आणि कौशल्य पाहून सैल-घट्ट करावी लागते, कारण पडल्यावर ती सुटली नाही तर गुडघा मुरगळतो. वजन न विचारता स्की हातात देणाऱ्या दुकानातून साहित्य घेऊ नये.

वडिलांनी चित्रफिती पाहून मुलांना शिकवणे हा आणखी एक हमखास फसणारा बेत आहे. पहिले दोन दिवस तरी प्रशिक्षक घ्यावा, त्याचे प्रमाणपत्र पाहावे आणि दर तासावर आहे की दिवसावर, साहित्य व लिफ्टचे पैसे त्यात आहेत की वेगळे, हे उताराच्या पायथ्याशी घासाघीस करण्याऐवजी आधीच ठरवावे.

तरीही अडचण आलीच तर

वाऱ्यामुळे गोंडोला बंद पडणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून ऑनलाइन काढलेले तिकीट सहलीच्या शेवटच्या दिवसाचे नसावे. बर्फच नसेल तर उरलेल्या चार खडकाळ पट्ट्यांवर हट्टाने स्की करू नये, कारण नवशिक्याला दगड चुकवता येत नाहीत; तो दिवस श्रीनगर किंवा बारामुल्लाकडे फिरण्यात घालवावा. मूल उतारावर जायला नकार देत असेल तर त्याचे बूट तपासावेत, हातमोजे ओले आहेत का ते पाहावे, काहीतरी गरम खायला द्यावे आणि तास अर्ध्यावर आणावा. बहुतेक वेळा भीतीपेक्षा थंडी आणि भूक हेच कारण असते, आणि अशा वेळी घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी व दशम्या हॉटेलच्या न्याहारीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

परदेशी प्रवासाच्या विम्यात हिवाळी खेळांचे संरक्षण बहुधा वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते आणि ते घेतले तरी आखून दिलेल्या उतारांबाहेरील अपघात वगळलेले असू शकतात. देशातल्या सहलीसाठी आपल्या आरोग्य विम्यातील साहसी खेळांविषयीचे कलम निघण्यापूर्वी वाचावे, कंपनीकडून त्याचा अर्थ ई-मेलवर लेखी मागवावा आणि ते उत्तर पॉलिसीच्या प्रतीसोबत, रुग्णालयाच्या खिडकीवर पटकन दाखवता येईल असे मोबाइलमध्ये ठेवावे.