अमेरिकी वसाहतींच्या असंतोषावर लिहिताना या चुका टाळा

‘इंग्लंडने चहावरील कर वाढवला, चहा महागला, म्हणून बोस्टनकरांनी तो समुद्रात फेकला’ हे वाक्य सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत मी अनेक वर्षे खोडत आलो आहे. एकदा एक अभ्यासू विद्यार्थिनी, गुण कापल्यामुळे दुखावून, छापील नोट्स घेऊनच माझ्यासमोर आली. मी तिला कागदावर दर मांडायला सांगितले. एक पौंड वजनाच्या चहामागे ३ पेन्स हा कर १७६७ चा. १७७३ च्या चहा कायद्याने त्यात काहीही भर घातली नाही. उलट ईस्ट इंडिया कंपनीला लंडनच्या लिलावाला वगळून चहा थेट अमेरिकेत पाठवण्याची मुभा मिळाली आणि ब्रिटनमध्ये भरलेली जकातही परत मिळू लागली, त्यामुळे तो चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडणार होता. “मग सर, स्वस्त चहा फेकला कशासाठी?” तिने विचारले. अभ्यास सुरू व्हायला हवा तो या प्रश्नापासून. माल कंपनीने नेमलेल्या मोजक्या अडत्यांकडेच जाणार असल्याने इतर व्यापाऱ्यांचा आणि डच चहाची तस्करी करणाऱ्यांचा धंदा बसणार होता. शिवाय स्वस्ताईला भुलून तो चहा घेतला असता, तर ज्या संसदेत आपला एकही प्रतिनिधी नाही, तिचा कर लादण्याचा हक्क मान्य केल्यासारखे झाले असते. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या, त्या यामुळे. तो चहा चीनचा होता. आसामचे मळे पुढच्या शतकातले.

साखर कायद्याबाबतही हेच घडते. परदेशी मळीवरील कर १७३३ पासून गॅलनमागे ६ पेन्स होता, १७६४ मध्ये तो ३ पेन्स झाला. संताप झाला तो जुना कर सर्रास चुकवला जाई आणि नवा काटेकोरपणे वसूल करण्याची तजवीज झाली म्हणून, आणि त्याचे खटले ज्युरी नसलेल्या सागरी न्यायालयांत चालवता येऊ लागले म्हणून.

बोस्टन बंदर बंद करणारा १७७४ चा कायदा चहा फेकण्याचे कारण नव्हे, परिणाम आहे. वसाहतींतील छापील कागद व दस्तऐवजांवर कर लादणारा मुद्रांक कायदा १७६६ मध्ये रद्द झाला, एवढ्यावर थांबू नका. वसाहतींवर कोणताही कायदा लादण्याचा आपला अधिकार संसदेने त्याच वेळी कायद्यानेच जाहीर केला.

मी प्रत्येक कायद्यासमोर पेन्सिलीने तीन गोष्टी लिहितो : दर किती, फायदा कोणाचा, खटला कुठे. एका रात्रीत ‘क्रांतीची कारणे’ पाठ करणाऱ्यांना एवढा धीर नसतो, म्हणून त्यांच्या उत्तरांत ‘शोषण’ आणि ‘जुलूम’ भरपूर असतात, दर एकही नसतो. वसाहतींचा सागरी व्यापार इंग्लंडच्या ताब्यात ठेवणाऱ्या नौकानयन कायद्यांसमोर हे लिहून पाहा : तंबाखू इंग्लंडलाच पाठवण्याची सक्ती एका बाजूला दिसेल, तर वसाहतींत बांधलेली जहाजे इंग्रजच मानली गेल्याने न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेतील उत्तरेकडच्या वसाहतींच्या) जहाजबांधणीला मिळालेला लाभ दुसऱ्या बाजूला.