लिपिडचं (रक्तातल्या चरबीच्या तपासणीचं) सॅम्पल फ्रीज करताय? मग हे बघाच
रक्ताची गुठळी झाली की लगेच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात जोरात फिरवून) सीरम, म्हणजे वरचा पिवळसर द्रव, वेगळं काढा, अख्खं रक्त कधीच फ्रीझरात टाकू नका, पेशी फुटतात आणि सगळं वाया जातं. दोन-तीन दिवसांत टेस्ट होणार असेल तर ४ अंशांवर साधं फ्रीजच बरं, महिनोन्महिने ठेवायचं असेल तर उणे ७० किंवा त्याखाली. टोटल कोलेस्टेरॉल तसं टिकतं हो, पण काइलोमायक्रॉन, व्हीएलडीएलसारखे चरबी वाहून नेणारे मोठे कण गोठवल्यावर बिघडतात. आणि माझं कळकळीचं सांगणं, छोटे छोटे भाग करूनच गोठवा म्हणजे परत परत वितळवायला लागत नाही. वितळल्यावर वर पातळ, खाली दाट असे थर दिसतात, ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करा, मगच पिपेट (द्रव ओढून घ्यायची नळी) घाला.